नानांचा कान

आमच्या घरात कुठल्याही यंत्राने वेगळा सूर लावला की एकच प्रश्न विचारला जातो. "नानांनी ऐकलं का?" मिक्सर असो, पंखा असो, नाहीतर गच्चीवरची पाण्याची मोटर. नानांनी ऐकलं आणि "काही व्हयेल नही" म्हणाले, की विषय संपला.

नाना म्हणजे माझे वडील, मोतीलाल. सोनगीरला त्यांनी चाळीस वर्षं शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त केली. इंजिन खोलायच्या आधी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बेरिंग गयं." खोलल्यावर बेरिंगच गेलेलं निघायचं. काटे, मीटर, दिवे यांच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "दिवा देखीसन इंजिन समजस तो मेकॅनिक नही, लाइनमन शे," हे त्यांचं अहिराणीतलं ठरलेलं वाक्य. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा मी त्यांना जळगावला, पिंप्राळ्यात आमच्या घरी आणलं. एक ट्रंक, पाने-पकडींची पिशवी आणि तो स्क्रूड्रायव्हर एवढं सामान आपल्या जीपमध्ये घालून ते आले.

त्यामुळे घेतल्यापासून अधूनमधून खरखरणारी आमची गाडी सकाळी चालू होताना खर्रर्रर्र असा दात शिवशिवणारा आवाज करायला लागली, तेव्हा मी घाबरले नाही. खालच्या मजल्यावरच्या कमलबाई म्हणाल्या, "संघमित्राताई, तुमची गाडी दळण दळते की काय?" मी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "थंडीना आवाज शे." ऑक्टोबर संपत आला होता, पहाटे गारवा असायचा, मला पटलं. मी शाळेत गणित शिकवते. पोरांनी पायरी सोडून उत्तर लिहिलं तर गुण कापते. पण नानांना मी एकदाही पायरी विचारली नाही.

गाडीही तशी नानांचीच म्हणायची. माझा नवरा प्रशील सुरतेला नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. माझ्याकडे लायसन्स आहे, सात वर्षांपूर्वी काढलेलं, आणि ते मी फक्त पत्त्याचा पुरावा म्हणून वापरते. घरात नाना असताना मी कशाला चालवू? त्यांची जुनी डिझेल जीप होती, ती चालू केली की खिडक्यांची तावदानं थरथरायची. दोन वर्षांपूर्वी ती विकून आम्ही ही छोटी पेट्रोलची गाडी घेतली, सेकंडहँड. विकणारा एजंट मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, "मॅडम, इतकी गुपचूप चालते की चालू आहे की बंद, कळणारसुद्धा नाही." मी खूश झाले. नाना नुसते मान हलवत राहिले.

आता त्या दिवसाचं सांगते.

भूमिकाचा, माझ्या मुलीचा, धुळ्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला होता. शेवटच्या फेरीत, यादीच्या पार तळाशी. मागच्या वर्षी तिचं थोडक्यात हुकलं, तेव्हा ती रडली नाही, जेवण झाल्यावर ताट घासून ठेवलं आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून पुस्तक उघडलं. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. आता नंबर लागला, तर अट अशी की तीन दिवसांच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन पालकासह हजर व्हायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता यादी बंद. पाचनंतर जागा दुसऱ्याची.

पहिले दोन दिवस मी जातपडताळणीचा मूळ दाखला शोधण्यात घालवले. मी तो इतका जपून ठेवला होता की मलाच सापडेना. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला तो शिलाई मशीनच्या खोक्यात सापडला. म्हणजे उशिराची सुरुवात माझ्यापासून झाली, हे मी आधीच कबूल करते.

सव्वा वाजता आम्ही निघालो. नानांनी चावी फिरवली, गाडी चालू झाली, आणि लगेच खर्रर्रर्र. मागच्या सीटवर भूमिकाने कानावर हात ठेवले. मी म्हटलं, "नाना, आज जास्तच येतोय हो आवाज." नानांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "चांगली शे गाडी." तेवढ्यावर मी गप्प बसले.

एरंडोलच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा झाला होता, तिथे पाऊण तास गेला. मी मनात हिशेब मांडत होते. जळगाव ते धुळे नव्वद किलोमीटर, उरले साठ, ताशी पन्नास धरले तर... पारोळ्याच्या जवळ आलो तेव्हा तीनला दहा कमी होते. अजून दोन तास हातात होते, मी हिशेब थांबवला. तेवढ्यात पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला दिसला. नानांनी गाडी पंपावर घेतली, नियमाप्रमाणे बंद केली, पेट्रोल भरलं आणि चावी फिरवली.

घूंऽऽऽ.

एवढाच आवाज. पंखा फिरावा तसा. इंजिन जागचं हललं नाही.

नानांनी परत चावी फिरवली. घूंऽऽऽ. मागे दोन मोटारसायकली हॉर्न वाजवायला लागल्या. पंपावर पेट्रोल भरणारी मुलगी, तिच्या शर्टावर डिंपल असं नाव होतं, म्हणाली, "काका, गाडी बाजूला घ्या ना." नानांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मी आणि भूमिकाने उतरून गाडी ढकलत हवा भरायच्या मशीनपाशी नेली.

नाना उतरले, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "बॅटरी उतरेल शे. आवाजच नही."

"आवाज येतोय की, नाना," भूमिका म्हणाली. "मोटर नुसती फिरतेय असा."

पण ती त्यांच्या पाठीमागे होती, आणि नानांनी तिचं म्हणणं जणू हवेत सोडून दिलं. त्यांनी पिशवीतून पाना काढला, बॅटरीच्या तारा सोडवल्या, टोकं घासून चकचकीत केली, पुन्हा आवळली. वीस मिनिटं. मी हॉर्न दाबून पाहिला, तो खणखणीत वाजला. दिवेही लख्ख लागत होते. बॅटरी मेलेली असती तर हॉर्न इतका वाजला असता का? मला यंत्रातलं काही कळत नाही, पण एवढं कळतं. तरी मी बोलले नाही, कारण नानांनी ऐकलं होतं.

चावी फिरवली. घूंऽऽऽ.

सव्वातीन. प्रशीलचा फोन आला, "पोचलात का?" मी म्हटलं, "पोचतोच आहोत," आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. रस्त्यावरून दोन एसटी गेल्या, पण तो बायपास, थांबा पार गावात. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हात करायला लागले. एक गाडी थांबली, ती अमळनेरला वळणार होती. दुसरी थांबली, तिच्यात लग्नाचे आठ वऱ्हाडी आणि एक आहेराचं कपाट. शाळेच्या मुख्याध्यापकांसमोरही न वाकणारी मी, त्या वऱ्हाड्यांना हात जोडत होते. त्यांनी कळवळून मान हलवली आणि गेले.

परत आले तर नाना स्क्रूड्रायव्हर घेऊन इंजिनावर वाकले होते. त्याचं टोक खाली कुठेतरी टेकवलेलं, पण मूठ कानाला नव्हती. त्यांनी ती दातांत धरली होती, घट्ट. हाताने खूण केली, चावी फिरव. भूमिकाने फिरवली. नाना डोळे मिटून, दात आवळून तसेच वाकून राहिले.

"हे काय नवीन, नाना?" मी विचारलं. त्यांनी डोळे उघडले. स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढला, सदऱ्याला पुसला आणि हळूच म्हणाले, "सेल्फ शे. सेल्फना दात गयात."

सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर, हे मला तिथेच कळलं. तिचे दात इंजिनाच्या चाकात बसतात आणि ते फिरवतात. दात गेले की ती एकटीच फिरत बसते. मला हायसं वाटलं. नानांचा कान शेवटी बरोबरच निघाला होता. पण नानांचा चेहरा उतरला होता. ते गाडीपासून लांब गेले आणि बाभळीखाली दगडावर बसून राहिले. ऊन लागलं असेल असं वाटलं, म्हणून मी भूमिकाला पाण्याची बाटली देऊन तिकडे पाठवलं.

डिंपलने पारोळ्याच्या एका मेकॅनिकला फोन लावला. पुना त्याचं नाव. तो दहा मिनिटांत मोटारसायकलवर आला, पस्तिशीचा, कपाळापर्यंत ग्रीस. आल्या आल्या म्हणाला, "ताई, मी एक ट्रक जॅकवर टांगीसन येल शे, ड्रायव्हर खोळंबेल शे. देखी लेस, पन जास्त थांबता येवाव नही." त्याने एकदा चावी फिरवली, आवाज ऐकला आणि थेट गाडीखाली सरकला. मी त्याच्या पायांशी उभी राहून घड्याळ बघत होते. पारोळा ते धुळे पस्तीस किलोमीटर, पन्नास मिनिटं. शहरातली पाच-सात मिनिटं धरली तर चारला पाच कमी असताना निघायलाच हवं. पावणेचारला तो सेल्फ हातात घेऊन बाहेर आला.

"नवा बसाडना पडी. तो आठे भेटाव नही, धुळाले भेटी. आते धक्का मारीसन चालू करू. एकदाव चालू व्हयनी का धुळापावत बंद करू नका, बस."

मी म्हटलं, चालेल, काहीही चालेल. तो सेल्फ कागदात गुंडाळून डिकीत ठेवायला गेला आणि मला जवळ बोलावलं. बाभळीखाली बसलेल्या नानांकडे एकदा बघून त्याने आवाज बारीक केला.

"ताई, राग नका मानू. ही गाडी कोन चालावस?"

"माझे वडील. ते काय, तिकडे बसलेत."

त्याने कागद उघडून मला दाखवलं. सेल्फच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक होतं. त्याचे दात झिजून पार बोथट झाले होते, एका बाजूला तर नावालाही उरले नव्हते.

"असा दात आपोआप झिजतस नहीत. गाडी चालू व्हयेल ऱ्हास आन् कोनी तरी वरथून परत सेल्फ मारस. चालू गाडीले. एकदाव नही, रोज."

मी हसले. खरंच हसले. "अहो, माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केलीत. निम्मं सोनगीर त्यांच्या कानावर चालायचं. गाडी चालू झालेली त्यांना कळणार नाही?"

पुनाने सेल्फ परत कागदात गुंडाळला. त्याने डिकी लावली.

मला त्या माणसाचा राग आला. कोण हा, नानांना शिकवायला? पण रागासोबत एकेक गोष्ट समोर यायला लागली. 'चालू आहे की बंद, कळणारसुद्धा नाही' हे एजंटचं वाक्य आठवलं. टीव्हीचा आवाज वाढवून बसणारे नाना आठवले. आपण पाठीमागून विचारलं तर उत्तर न देणारे, समोरून विचारलं तर आधी ओठांकडे बघणारे नाना. दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर, कानाऐवजी दातांना थरथर कळावी म्हणून. मी एकेक आठवण मागे ढकलत होते, कारण आत्ता वेळ नव्हता.

चारला दहा कमी. नाना येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चावी लावली, दुसरा गिअर टाकला, क्लच दाबला. मी, भूमिका, डिंपल आणि पुना, आम्ही चौघं मागून ढकलायला लागलो. गाडी पंपाच्या उतारावर वेगात आली. नानांनी क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला, आणि इंजिन सुरू झालं. स्पष्ट, भरदार आवाज. "झाली! झाली!" डिंपल ओरडली. भूमिकाने टाळ्या वाजवल्या.

नानांनी क्लच परत दाबला नाही. काचेतून मला त्यांचा हात दिसत होता. तो हात पुन्हा चावीकडे गेला. आता सेल्फ जागेवरच नव्हता, म्हणून खर्रर्र झालं नाही. त्यांनी एकदा, दोनदा चावी फिरवली. मग ब्रेक दाबला. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच आचके देत थांबली आणि बंद पडली.

टाळ्या थांबल्या. पुनाने माझ्याकडे पाहिलं नाही, ते मला जास्त लागलं.

मी धावत खिडकीशी गेले. नाना समोर बघत होते. "व्हयनी नही ना?" ते म्हणाले. "परत धक्का मारा."

मी खिडकीतून आत वाकले, त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि सावकाश, मोठ्याने म्हणाले, "नाना. गाडी चालू झाली होती."

"व्हयनी व्हती?"

"हो. सगळ्यांनी ऐकली."

ते माझ्या ओठांकडेच बघत राहिले. मग त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. "मले समजनं नही, संघा," ते म्हणाले. "जीप चालू व्हये तवय पायले समजे, सीटले समजे. ही गाडी काहीच सांगस नही. म्हनीसन मी परत चावी मारू." मग म्हणाले, "दोन वरीस व्हयनात. सांगतू तं तू मना हातनी चावी लेई लेती."

मला काय काय वाटलं ते सांगते. पहिल्यांदा भीती वाटली, की गेली दोन वर्षं हा माणूस माझ्या पोरीला घेऊन हॉर्न ऐकू येत नसताना गाडी चालवत होता. मग राग आला. एक साधा प्रश्न विचारायचा होता त्यांनी, घरातल्या कुणालाही, गाडी चालू आहे का म्हणून. आणि मग वाटलं, विचारणार कसे? सगळं घर त्यांना विचारत होतं.

"आई," भूमिका मागून म्हणाली. "चार वाजले."

नाना स्वतःच दार उघडून उतरले, डावीकडे जाऊन बसले. "तू चालाव," ते म्हणाले.

"मी? हायवेला? नाना, मी सात वर्षांत..."

"तुले ऐकू येस. तू चालाव. बाकी मी सांगस."

पुना म्हणाला, "बसा ताई. पोरीनं वरीस जाई." मी बसले. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते एकदा खाली वाकून बघितलं. नानांनी गिअरच्या दांड्यावर माझा हात ठेवला, वर आपला ठेवला आणि दुसरा टाकला. भूमिका, पुना आणि डिंपल यांनी पुन्हा मागे हात लावला. उतार संपायच्या आत मी क्लच सोडला. आचका बसला, आवाज आला.

"झाली!" मी किंचाळले.

"क्लच! क्लच दाब! पाय थोडा दे!"

दिला. इंजिन गुरगुरत राहिलं. भूमिका धावत येऊन मागच्या सीटवर आदळली. पुनाने हात वर केला आणि आपल्या ट्रककडे पळाला.

त्या पस्तीस किलोमीटरचं मला दृश्य काही आठवत नाही, फक्त आवाज आठवतात. बाजूने जाणाऱ्या ट्रकचे, टँकरचे, माझ्याच श्वासाचे. नाना माझ्या शेजारी डॅशबोर्डवर पंजा ठेवून बसले होते आणि दर मिनिटाला माझ्याकडे तोंड वळवून विचारत होते, "आवाज कसा येस?"

"मोठा!"

"मोठा म्हंजे? जड का हलका?"

आवाज जड असतो की हलका, याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. ऐकायला लागले. "हलका... नाही, बारीक, किंचाळल्यासारखा."

"मंग चौथा टाक."

टाकला. किंचाळणं थांबलं. मी सांगितलं, तर ते म्हणाले, "हां. तसाच ऱ्हाऊ दे." पुढे चढावर इंजिन धापा टाकायला लागलं, तेव्हा मी न विचारता म्हटलं, "जड येतोय, नाना, ढकढक करतोय." ते म्हणाले, "तिसरा." मी बोलताना ते माझ्या ओठांकडे बघत, आणि मी रस्त्यावरून नजर हलवू शकत नव्हते, म्हणून भूमिका मागून पुढे वाकायची आणि माझं वाक्य त्यांच्यासमोर तोंड नेऊन परत म्हणायची. असे आम्ही तिघं मिळून एक गाडी चालवत होतो.

धुळ्यात शिरलो तेव्हा साडेचार होऊन सात मिनिटं झाली होती. पहिल्याच चौकात लाल दिवा. थांबायचं म्हणजे बंद पडायची भीती. बंद पडली तर या गर्दीत धक्का कोण मारणार? मी घाईत क्लच अर्धवट सोडला, गाडी हुंदके द्यायला लागली, आवाज एकदम तळाला गेला. "मरतेय, नाना, आवाज मरतोय!" मी ओरडले. नानांनी माझा गुडघा खाली दाबला. क्लच पूर्ण आत गेला, आवाज परत वर आला. हिरवा दिवा लागेपर्यंत त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला नाही. मागून हॉर्नचा गजर चालला होता. तो त्यांना ऐकू येत नव्हता, याचा मला त्या क्षणी हेवा वाटला.

पाचला बारा मिनिटं कमी असताना कॉलेजचं फाटक आलं. गाडी बंद करून चालणार नव्हतं, अजून सेल्फ बसवायला गॅरेज शोधायचं होतं. आणि पालकाची सही हवी, म्हणजे मला आत जाणं भाग. मी गिअर काढला, हँडब्रेक ओढला.

"नाना, तुम्ही गाडीजवळ थांबा. चालूच राहू द्या." म्हटलं आणि जीभ चावली. त्यांना कळणार कसं?

"जा," नाना म्हणाले. "मी देखी लेस. जा."

मी आणि भूमिका पळालो. पहिला मजला, लांब व्हरांडा, खिडकीपुढे आमच्या आधी तीन पोरी. कागद पुढे सरकवताना भूमिकाची बोटं ग्रीसने काळी होती, दाखल्याच्या कोपऱ्यावर ठसा उमटला. खिडकीतल्या बाईंनी तो ठसा पाहिला, आमचे चेहरे पाहिले, काही विचारलं नाही. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातपडताळणी. एकेक कागद उलटत होता आणि मी भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बघत होते. पाचला तीन मिनिटं कमी असताना शिक्का पडला. बाई म्हणाल्या, "झालं. सोमवारपासून या."

भूमिका तेव्हा रडली. व्हरांड्यातच, भिंतीला टेकून, वर्षभराचं. मी तिला रडू दिलं.

खाली आलो तर नाना गाडीच्या बाहेर, भर फाटकात उभे होते. बॉनेटवर एक पंजा, हातात स्क्रूड्रायव्हर, समोर कॉलेजचा रखवालदार. जाणारी-येणारी पोरं थांबून बघत होती, कारण ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे नाना मोठ्याने बोलत होते.

"भाऊ, मले ऐकू येस नही. गाडी चालू शे का?"

"आहे बाबा, चालू आहे," रखवालदार मान डोलावत म्हणाला. मला बघून तो पुढे आला. "ताई, तुमचे वडील ना? पाचव्यांदा विचारलं त्यांनी. दर दोन मिनिटांनी विचारतात."

भूमिकाने शिक्का मारलेली पावती नानांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरून वाचली, पूर्ण, खालच्या तारखेपर्यंत. मग घडी न घालता तशीच तिला परत दिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. नाना डावीकडे बसले, दार ओढून घेतलं, डॅशबोर्डवर पंजा ठेवला. मग माझ्याकडे वळले आणि माझ्या ओठांकडे बघत विचारलं,

"संघा, चालू शे का?"

"चालू शे, नाना," मी म्हटलं आणि पहिला गिअर टाकला.